खिशातली ऑपरेटिंग सिस्टीम: पेनड्राइव्हवर लिनक्स कसं बसवायचं आणि कुठे अडतं

पेनड्राइव्ह लावायचा, कॉम्प्युटर सुरू करायचा आणि आतल्या डिस्कला हात न लावता आपली सिस्टीम उघडायची. कल्पना जुनी आहे. क्लाउस क्नॉपर यांचं नॉपिक्स नावाचं लिनक्स २००० साली आलं तेव्हा ते सीडीवरून असंच चालायचं. सीडीवर काही जपून ठेवता येत नसे. पेनड्राइव्हवर ठेवता येतं. सोय तिथेच आहे आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो.

पेनड्राइव्ह तयार करणं हे अर्ध्या तासाचं काम. लोक अडकतात ते त्याआधी, चुकीची पद्धत निवडून. किंवा नंतर, समोरचं यंत्र बूट व्हायलाच तयार नसतं तेव्हा. या दोन टोकांवरच मी जास्त लिहिलं आहे.

लेख इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या पीसी-लॅपटॉपसाठी आहे. अ‍ॅपलच्या एम१ आणि त्यानंतरच्या चिपवाल्या मॅकवर खाली सांगितलेल्या आयएसओ फाइल (म्हणजे सगळी सिस्टीम एकाच फाइलीत) चालत नाहीत. तुमचं यंत्र तसं असेल तर इथेच थांबा, वेळ वाचेल.

## १. आधी ठरवा: तीनपैकी कोणती पद्धत

"पेनड्राइव्हवर लिनक्स" म्हणताना लोकांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

साधा लाइव्ह. सिस्टीम सुरू होते, सगळं वापरता येतं, बंद केली की तुम्ही केलेलं सगळं पुसलं जातं. पुढच्या वेळी पुन्हा कोरी पाटी. बिघडलेल्या कॉम्प्युटरमधून फाइल काढून घेणं, लिनक्स आपल्या लॅपटॉपवर चालतं का ते बघणं, एखादं काम करून मागमूस न ठेवता उठणं, यासाठी हेच उत्तम.

पर्सिस्टन्ससह लाइव्ह. मूळ सिस्टीम तशीच कोरी राहते. तुम्ही केलेले बदल, म्हणजे सेटिंग, फाइल, एखाद-दुसरं सॉफ्टवेअर, हे पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या जागेत साठतात आणि पुढच्या वेळी परत मिळतात.

पूर्ण इन्स्टॉल. पेनड्राइव्हलाच हार्ड डिस्क मानून सिस्टीम त्यावर नेहमीसारखी बसवायची. अपडेट, नवीन कर्नल (सिस्टीमचा गाभा), सगळं एखाद्या लॅपटॉपवर चालावं तसं चालतं.

दुसरी आणि तिसरी पद्धत वरवर सारखीच वाटते. आत मोठा फरक आहे. लाइव्ह सिस्टीम म्हणजे एक घट्ट दाबून बसवलेली फाइल असते आणि ती फक्त वाचता येते. तुमचे बदल तिच्यावर पसरलेल्या एका पातळ थरात जातात. एखादी फाइल बदलली की तिची नवी प्रत वरच्या थरात येते आणि जुनी खाली तशीच पडून राहते. म्हणूनच पर्सिस्टन्सवाल्या पेनड्राइव्हवर सगळी सिस्टीम अपडेट करायला गेलात तर जागा झपाट्यानं भरते, आणि मिळत काही नाही. वर नवीन कर्नल बसवलं तरी बहुतेक लाइव्ह पेनड्राइव्ह सुरू होतात ते मूळ आयएसओमधलंच कर्नल घेऊन, कारण तो थर पसरेपर्यंत कर्नल आधीच सुरू झालेलं असतं.

तिसऱ्या पद्धतीचं दुखणं वेगळं आहे. ऑपरेटिंग सिस्टीम सतत बारीक-बारीक काहीतरी लिहीत असते: लॉग, ब्राउझरचा कॅश, अपडेटच्या याद्या. साध्या पेनड्राइव्हला एक मोठी फाइल सलग लिहिणं जमतं. हजारो छोटे तुकडे इकडेतिकडे लिहायला लागले की तो गुडघे टेकतो. खिडकी उघडायला दहा-दहा सेकंद, मधूनच सगळं गोठणं, ही त्याची लक्षणं. शिवाय फ्लॅश मेमरीला लिहिण्याची मर्यादा असते आणि स्वस्त पेनड्राइव्हमध्ये ती झीज सगळीकडे सारखी वाटून देणारं नियंत्रक चांगल्या प्रतीचं नसतं.

माझं मत स्पष्ट आहे: नवख्या माणसानं पहिल्या किंवा दुसऱ्या पद्धतीनं सुरुवात करावी. पूर्ण इन्स्टॉल करायचंच असेल तर ते यूएसबीला जोडता येणाऱ्या एसएसडीवर करावं, पेनड्राइव्हवर नाही. "पेनड्राइव्हवर लिनक्स फार हळू चालतं" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तिसरी पद्धत स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर केलेली असते.

विंडोज हवं असेल तर? मायक्रोसॉफ्टनं विंडोज ८ च्या एंटरप्राइझ आवृत्तीबरोबर 'विंडोज टू गो' आणलं होतं. २०२० मधल्या विंडोज १० च्या २००४ आवृत्तीतून ते काढून टाकलं. रुफससारख्या साधनांनी अजूनही तसा ड्राइव्ह बनवता येतो, पण साध्या पेनड्राइव्हवर ते इतकं रखडतं की नाद सोडलेला बरा. पुढचं सगळं लिनक्सबद्दल आहे.

## २. काय काय लागेल

- पेनड्राइव्ह. साध्या लाइव्हसाठी ८ जीबी पुरतो, पर्सिस्टन्ससाठी ३२ जीबी घ्या. यूएसबी ३ चाच घ्या. यूएसबी २ चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, यूएसबी ३.० चा ५ गिगाबिट. प्रत्यक्षात दोन्ही याहून बरेच कमी, तरी फरक पहिल्याच बूटला जाणवतो.
- चालू कॉम्प्युटर, आयएसओ उतरवून घ्यायला. विंडोज, मॅक, लिनक्स, काहीही चालेल.
- लिहिणारं सॉफ्टवेअर: रुफस (फक्त विंडोजवर), बलेना एचर (तिन्हीकडे) किंवा व्हेंटॉय (विंडोज आणि लिनक्सवर).
- बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की, ज्या यंत्रावर पेनड्राइव्ह लावणार त्या यंत्राची. कशाला ते पाचव्या पायरीत.
- फोन आणि त्याची डेटा केबल. वायफाय चाललं नाही तर हीच कामाला येते.
- पेनड्राइव्हवरच्या सगळ्या जुन्या फाइलची दुसरीकडे प्रत. लिहिताना आधीचं सगळं जातं.

पेनड्राइव्ह घेताना एक सापळा असतो. कमी क्षमतेच्या पेनड्राइव्हमध्ये फेरफार करून तो जास्त क्षमतेचा दाखवणारे नकली माल बाजारात आहेत. कॉम्प्युटर "१२८ जीबी" म्हणतो, खरी जागा १६ जीबी असते, आणि तेवढी भरल्यानंतर लिहिलेलं सगळं हवेत विरतं. शंका असेल तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ नावाचं मोफत साधन वापरा. पेनड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून ते ताळा करतं. वेळ लागतो, पण महिन्याभरानं फाइल गायब होण्यापेक्षा बरं.

## ३. कोणती सिस्टीम

इथे जास्त घोळ घालू नका.

पहिल्यांदाच करत असाल आणि यंत्रात ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंट. विंडोजमधून येणाऱ्याला ते परकं वाटत नाही.

जुनं, दमलेलं यंत्र असेल तर पपी लिनक्स. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये ते सुरू केलं. आकार काहीशे एमबीचा, आणि सुरू होताच ते सगळंच्या सगळं रॅममध्ये जाऊन बसतं, त्यामुळे त्यानंतर पेनड्राइव्हच्या वेगाचा प्रश्नच उरत नाही. दिसायला जरा जुनाट आहे. ३२ बिटवालं फारच जुनं यंत्र असेल तर अँटीएक्सकडे बघा. उबंटू, मिंट यांनी ३२ बिट केव्हाच सोडलं.

बदल जपून ठेवायचे हाच मुख्य हेतू असेल तर एमएक्स लिनक्स. पर्सिस्टन्स तिथे मागाहून चिकटवल्यासारखा वाटत नाही. लाइव्ह पेनड्राइव्ह बनवायचं साधन सिस्टीममध्येच येतं, आणि बंद करताना बदल जपायचे की सोडून द्यायचे हे विचारून घेणारा पर्यायही मिळतो.

गोपनीयता महत्त्वाची असेल तर टेल्स. त्यातली सगळी इंटरनेट वाहतूक टॉर नावाच्या, ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून जाते, आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय त्यात काही साठत नाही. त्याला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. रोजच्या कामासाठी मात्र ते घेऊ नका. टॉरमधून येणाऱ्यांना बऱ्याच साइट अडवतात आणि वेग कमी मिळतो.

## ४. आयएसओ उतरवा, तपासा, लिहा

आयएसओ फाइल त्या त्या प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. शेजारीच एसएचए-२५६ नावाची ६४ अक्षर-अंकांची ओळ दिलेली असते. उतरवलेल्या फाइलवरून तीच ओळ निघते का ते बघायचं. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून 'सीआरसी एसएचए' मधून एसएचए-२५६ निवडलं की ओळ समोर येते. पहिली आणि शेवटची सहा-सात अक्षरं जुळवली तरी अर्धवट उतरलेली फाइल लगेच पकडली जाते. कोणी मुद्दाम बदललेली फाइल असेल अशी शंका असेल तर पूर्ण ओळ जुळवा. ही पायरी सगळेच गाळतात. मग "इन्स्टॉल मधेच थांबतं", "डेस्कटॉप येतच नाही" असल्या विचित्र तक्रारींच्या मागे धावत बसतात.

लिहिण्याचे तीन मार्ग:

रुफस. विंडोजवर असाल आणि पर्सिस्टन्स हवा असेल तर हाच घ्या. पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा. उबंटू किंवा डेबियन घराण्यातली आयएसओ ओळखली गेली तर 'पर्सिस्टंट पार्टिशन साइझ' अशी सरकपट्टी दिसते. ती सरकवून जागा ठरवा. सरकपट्टी दिसलीच नाही तर रुफसला त्या आयएसओसाठी ते जमत नाही असं समजा. 'स्टार्ट' दाबल्यावर कधी कधी आयएसओ मोड की डीडी मोड (आयएसओची जशीच्या तशी नक्कल) असा प्रश्न येतो. आयएसओ मोड ठेवा. त्या मोडनं बनवलेला पेनड्राइव्ह सुरू झालाच नाही तरच डीडीनं पुन्हा लिहा. डीडी मोडमध्ये पर्सिस्टन्स मिळत नाही.

बलेना एचर. तीन बटणं, विचारायला काही नाही. साध्या लाइव्हसाठी झकास.

व्हेंटॉय. हे एकदा पेनड्राइव्हवर बसवायचं. त्यानंतर आयएसओ फाइल नुसत्या कॉपी करायच्या. सुरू केल्यावर यादी येते, त्यातली हवी ती निवडायची. एकाच पेनड्राइव्हवर मिंट, पपी, एखादं दुरुस्तीचं साधन, आणि उरलेल्या जागेत नेहमीच्या फाइल. मला हा प्रकार सगळ्यात आवडतो. पर्सिस्टन्स त्यातही करता येतो, पण त्यासाठी वेगळी फाइल बनवून सेटिंगच्या फाइलीत तिचा पत्ता लिहावा लागतो. पहिल्याच दिवशी त्यात पडू नका.

तिन्हींमध्ये एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: निवडलेला ड्राइव्ह तुमचा पेनड्राइव्हच आहे ना. नावावर जाऊ नका, जीबीचा आकडा बघा. बाहेरची बॅकअप डिस्क जोडलेली असेल तर आधी काढून ठेवा.

लिहून झाल्यावर विंडोज बऱ्याचदा "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा" असा निरोप दाखवतं, किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह चार-पाच एमबीचा दिसतो. काही बिघडलेलं नाही. लिनक्सची पार्टिशन (पेनड्राइव्हचे वेगळे केलेले भाग) विंडोजला वाचता येत नाहीत, एवढंच. 'कॅन्सल' दाबा. तिथे 'फॉरमॅट' दाबलंत तर केलेलं सगळं गेलं.

## ५. यंत्राला पेनड्राइव्हवरून उठवणं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. सावकाश वाचा.

आधी बिटलॉकर. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूट मेन्यूतून एकदा पेनड्राइव्ह निवडल्यानं सहसा काही होत नाही. पण बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू न होऊ देणारी सोय) बंद केलं किंवा तत्सम काही बदललं, की पुढच्या वेळी विंडोज निळा पडदा दाखवून ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर आतला डेटा मिळत नाही, कुणालाच नाही. म्हणून बायोसला हात लावण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ती की काढून कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्याचं यंत्र असेल तर त्या माणसाला विचारल्याशिवाय बायोस उघडूच नका.

मग विंडोज नीट बंद करा. 'शटडाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपतं. त्यामुळे बूट मेन्यूची कळ लागत नाही, आणि लिनक्समध्ये गेल्यावर आतली डिस्क फक्त वाचायला मिळते किंवा उघडतच नाही. सोपा उपाय: शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' वर क्लिक करा. निळा पडदा येईल, त्यात 'यूज अ डिव्हाइस' मध्ये पेनड्राइव्हचं नाव दिसलं तर तिथूनच निवडा. कळ पकडण्याची कसरत करावीच लागत नाही.

तसं जमलं नाही तर बूट मेन्यूची कळ. सुरू करताक्षणी टपटप दाबत राहायचं:

- डेल, लेनोवो: एफ१२
- एचपी: एस्केप, मग एफ९
- एसर: एफ१२ (काही लॅपटॉपवर ती बायोसमधून आधी चालू करावी लागते)
- आसुस: लॅपटॉपवर एस्केप, डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर एफ८
- एमएसआय: एफ११
- इंटेलवाला मॅक: ऑप्शन कळ दाबून धरा. टी२ चिप असेल तर आधी 'स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी' मध्ये बाहेरून बूट करायला परवानगी द्यावी लागते.

यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या आधी 'यूईएफआय' लिहिलंय तो घ्या. दिसलाच नाही तर हब काढून पेनड्राइव्ह थेट यंत्राच्या पोर्टला लावा.

सिक्युअर बूट. उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांच्या ताज्या आयएसओ सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात. ते बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. तीन ठिकाणी मात्र अडतं.

पहिलं, आयएसओ जुनी असली तर. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं जुने बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारे छोटे प्रोग्रॅम) नाकारायला सुरुवात केली. पडद्यावर 'एसबीएटी' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असे शब्द दिसले तर ताजी आयएसओ उतरवून पुन्हा लिहा.

दुसरं, काही नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टशिवाय इतरांच्या बूटलोडरना मुळातच मनाई असते. बायोसच्या सिक्युअर बूट पानावर 'थर्ड पार्टी यूईएफआय सीए' असा पर्याय शोधा आणि तेवढाच चालू करा.

तिसरं, व्हेंटॉय. नव्या यंत्रावर पहिल्यांदा लावलं की निळ्या पडद्यावर 'व्हेरिफिकेशन फेल्ड' असं येतं आणि लोक घाबरून पेनड्राइव्ह काढून घेतात. तसं करू नका. 'ओके' म्हणा. पुढच्या पडद्यावर "कोणतीही कळ दाबा" असं येईल, तिथे लगेच कळ दाबा, कारण तो थोडेच सेकंद थांबतो. मग 'एनरोल की फ्रॉम डिस्क', त्यात 'व्हीटीओवायईएफआय' नावाचं पार्टिशन, आणि त्यात 'एनरोल धिस की' अशा शब्दांनी सुरू होणारी फाइल. 'कंटिन्यू', 'येस', 'रीबूट'. त्या यंत्रावर हे एकदाच करायचं असतं. लक्षात घ्या, असं केल्यानं त्या यंत्रात एक नवी विश्वासाची किल्ली कायमची नोंदवली जाते. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. नाहीतर उगाच नसती उठाठेव अंगाशी येते.

## ६. डेस्कटॉप आला, आता काय बघायचं

काळा मेन्यू येतो, पहिली ओळ निवडायची, आणि डेस्कटॉपची वाट बघायची. पहिल्या वेळी तीन-चार मिनिटं लागली तर घाबरू नका.

पडदा काळाच राहिला, विशेषतः एनव्हीडियाचं ग्राफिक्स असलेल्या यंत्रावर, तर पुन्हा सुरू करून मेन्यूतला 'सेफ ग्राफिक्स' किंवा 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. चित्र थोडं भरड दिसेल, पण दिसेल.

वायफाय सापडलं नाही तर फोन केबलनं जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स त्याला तारेचं नेटवर्क समजून लगेच जोडतं. काही ब्रॉडकॉम चिपचे ड्रायव्हर आयएसओमध्ये नसतात; ते या मार्गानं उतरवून घेता येतात.

आतली डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' वर असण्याची शक्यता आहे. ते बदलावंसं वाटेल. बदलू नका, विंडोज सुरू व्हायचं थांबू शकतं.

विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ काही तास चुकलेलं दिसलं तर त्यामागे व्हायरस नाही. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ मानतं, विंडोज स्थानिक. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाउ' दाबलं की झालं.

आणि डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' नावाचं एक चिन्ह दिसेल. सहज क्लिक करून बघू नका. पुढे-पुढे दाबत गेलात तर आतली डिस्क पुसण्यापर्यंत पोचता.

## ७. पर्सिस्टन्स वापरताना

पर्सिस्टन्स खरंच चालतो का हे आधी तपासा: डेस्कटॉपवर एक रिकामी फाइल बनवा, रीतसर बंद करा, परत सुरू करा. फाइल जागेवर असेल तर पुढे जा. हे न बघता कामाला लागणारे नंतर हळहळतात.

साठवण्यासारखं: वायफायचे पासवर्ड, कळफलकाची मांडणी, ब्राउझरच्या खुणा, दोन-चार लागणारी सॉफ्टवेअर. न साठवण्यासारखं: पूर्ण सिस्टीमचं अपडेट. कारण वर आलंच आहे. सहा-आठ महिन्यांनी ताजी आयएसओ घेऊन पेनड्राइव्ह नव्यानं बनवणं हेच इथलं अपडेट.

महत्त्वाच्या फाइल त्या बदलांच्या थरात ठेवू नका. पेनड्राइव्हवर त्यांच्यासाठी वेगळं पार्टिशन असू द्या (व्हेंटॉयमध्ये ते आपोआप मिळतं) म्हणजे सिस्टीम बिघडली तरी फाइल दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडता येतात.

फॅट३२ या फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. त्यामुळे पर्सिस्टन्स फाइलच्या रूपात असेल तर तोही तिथेच अडतो. रुफस त्यासाठी वेगळं पार्टिशन करतं, म्हणून ही अडचण तिथे येत नाही.

## ८. तरीही पूर्ण इन्स्टॉल करायचंय?

मग दोन ड्राइव्ह लागतील: एक लाइव्ह, ज्यावरून सुरू करायचं; दुसरा एसएसडी, ज्यावर बसवायचं. बाकी पायऱ्या नेहमीच्या इन्स्टॉलसारख्याच. एक जागा सोडून.

उबंटू-मिंटच्या जुन्या धाटणीच्या इन्स्टॉलरमध्ये पार्टिशनच्या पानावर खाली "बूटलोडर कोणत्या डिस्कवर टाकू" अशी एक ओळ असते. तिथे आतली डिस्क आधीच निवडलेली असते. तुम्ही शहाण्यासारखं ती बदलून बाहेरची एसएसडी निवडता, आणि तरीही यूईएफआय (नव्या धाटणीचं बायोस) असलेल्या यंत्रावर हा इन्स्टॉलर बूटलोडर आतल्या डिस्कच्याच ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे बूटलोडर ठेवायच्या जागेत, टाकतो. काम झाल्यावर एसएसडी काढून लॅपटॉप सुरू केला की विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर 'ग्रब' (लिनक्सच्या बूटलोडरचं नाव) हा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. विंडोज शाबूत असतं. बूट मेन्यूत जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा, ते सुरू होईल. मग बायोसच्या क्रमवारीत त्यालाच वर आणा.

हे टाळायचा खात्रीचा उपाय म्हणजे इन्स्टॉल करताना आतली डिस्कच नजरेआड करणं. डेस्कटॉपमध्ये तिची केबल काढा. लॅपटॉपच्या बायोसमध्ये ती बंद करायची सोय असेल तर तिथून करा. दोन्ही शक्य नसेल तर जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनात आतल्या ईएफआय पार्टिशनवरच्या 'बूट' आणि 'ईएसपी' या खुणा तात्पुरत्या काढा आणि इन्स्टॉल झाल्यावर न विसरता परत लावा.

एसएसडी दुसऱ्या यंत्रांवरही सुरू व्हायला हवी असेल तर तिच्या ईएफआय पार्टिशनमध्ये 'ईएफआय' फोल्डरच्या आत 'बूट' नावाचं फोल्डर आणि त्यात बूटलोडर हवा. अनोळखी यंत्र फक्त तिथेच बघतं. डेबियनचा इन्स्टॉलर, तज्ज्ञ पद्धतीनं चालवल्यास, "काढता येण्याजोग्या माध्यमाच्या जागी ग्रब टाकू का" असं विचारतो, हो म्हणा. आणि एनव्हीडियाचे खासगी ड्रायव्हर बसवू नका. एका यंत्रावर चकाचक चालेल, दुसऱ्यावर काळा पडदा.

## ९. जपणूक

हिरवा किंवा निळा दिवा लुकलुकत असताना पेनड्राइव्ह उपटू नका. रीतसर शटडाउन करा. "माध्यम काढा आणि एंटर दाबा" अशी ओळ आली तरच काढा.

पेनड्राइव्ह हरवतो, हे गृहीत धरून चाला. साध्या पर्सिस्टन्सवर कुलूप नसतं. ज्याला तो सापडेल त्याला तुमच्या ब्राउझरमधली खाती उघडी मिळतील. टेल्सची साठवण एन्क्रिप्टेडच असते, एमएक्समध्ये तसा पर्याय आहे, पूर्ण इन्स्टॉल करताना तर तो नक्की निवडा. दुसऱ्या बाजूनं हेही खरं की परक्या यंत्राच्या कळफलकाला किंवा फर्मवेअरला कोणी छेडछाड केली असेल तर त्यापासून कुठलाच पेनड्राइव्ह तुम्हाला वाचवत नाही. बँकेचे व्यवहार अनोळखी कॉम्प्युटरवर करू नका, सिस्टीम कितीही आपली असली तरी.

हळूपणाचा त्रास होत असेल तर बूटच्या मेन्यूत 'टू रॅम' असा पर्याय आहे का बघा. सगळी सिस्टीम रॅममध्ये उतरते, सुरू व्हायला वेळ लागतो, त्यानंतर मात्र पळते. ८ जीबी रॅमच्या खाली मोठ्या सिस्टीमबरोबर हे करू नका. ब्राउझरचा डिस्कवरचा कॅश बंद केला तरी बराच फरक पडतो, कारण सगळ्यात जास्त खरडत बसतो तो ब्राउझरच.

आणि प्रयोग पुरे झाला, पेनड्राइव्ह पुन्हा साधा हवा असला, तर विंडोजचं नेहमीचं फॉरमॅट पुष्कळदा पुरत नाही. जागा कमीच दिसत राहते. रुफस उघडा, पेनड्राइव्ह निवडा, 'बूट सिलेक्शन' मध्ये 'नॉन बूटेबल' ठेवा आणि 'स्टार्ट' दाबा. सगळी पार्टिशन जाऊन पूर्ण जागा परत मिळते.